कोठडीच्या खिडकीवरची पाटी

मी एक पाटी बोलतेय, पोलिस ठाण्यातली. 'अटक झालेल्या व्यक्तीचे हक्क' असं माझ्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय. तुम्ही मला कधी वाचलं नसणार. सज्जनांना माझी काय गरज, असंच वाटतं ना तुम्हाला?

वरून हुकूम आला म्हणून मला रंगवून घेतलं, नाहीतर या ठाण्याला माझी हौस कुठली! तपासणी असली की माझ्यावरून फडकं फिरायचं. मोठे साहेब गेले की माझ्या खिळ्याला हवालदाराचा रेनकोट. त्या कुबट रेनकोटाखाली मी अर्धं आयुष्य काढलं.

मग कोठडीच्या खिडकीची काच फुटली. नवीन मागवायची तर अर्ज करा, खेटे घाला. त्यापेक्षा हवालदारानं मलाच बाहेरून खिडकीवर ठोकलं. कोरी बाजू बाहेर, दिसायला बरी म्हणून. अक्षरं आत गेली, हे त्या शहाण्याच्या लक्षातही आलं नाही. आळसाच्या कृपेनं माझं तोंड पहिल्यांदाच योग्य माणसांकडे झालं.

एके दुपारी एका शिंप्याला आत टाकलं. त्याच्या घरमालकाला दुकान रिकामं हवं होतं. भाड्याची भांडणं दिवाणी कोर्टात चालतात आणि तिथं वेळ लागतो. या गृहस्थाला दम कुठला! त्यानं शिंप्याचंच शिलाई मशीन आपलं म्हणून सांगितलं आणि चोरीची फिर्याद ठोकली. झालं फौजदारी प्रकरण. 'दिवाणीत जा' असं सांगायचं सोडून ठाण्याच्या साहेबांनी घरमालकाला खुर्ची दिली, चहा दिला.

"सही कर," साहेब गजांमधून कागद सरकवत म्हणाले. "चोरी कबूल कर, संध्याकाळी घरी जाशील."

"अहो, मशीन माझं आहे! ते गेलं तर पोरांना काय खायला घालू?"

"चोरांचे लाड करू नका, साहेब," घरमालक चहा फुरकत म्हणाला. "यांना कसले आलेत हक्क?"

शिंप्यानं रडवेला होऊन पेन घेतलं. तेवढ्यात त्याची नजर माझ्यावर पडली. तो पुटपुटत वाचत गेला आणि पेन खाली ठेवलं.

"मी स्वतःविरुद्ध काही लिहून देणार नाही. माझ्या बायकोला निरोप द्या, ती वकील आणेल. आणि चोवीस तासांच्या आत मला न्यायाधीशांपुढं उभं करा."

"कुणी शिकवलं रे हे तुला?"

शिंप्यानं माझ्याकडे बोट केलं. साहेबांनी हवालदाराकडे असं पाहिलं, जणू खरा चोर तोच.

दुसऱ्या दिवशी कोर्टात मशीनची मालकी विचारल्यावर घरमालकाला साधी पावतीही दाखवता आली नाही. शिंपी सुटला. ठाण्यानं तातडीनं कारवाई केली, माझ्यावर! खिळे उपटून मला उलटं ठोकलं. तेव्हापासून मी मागच्या आवारातल्या भंगार गाड्यांना त्यांचे हक्क सांगत असते.

पुढं खोट्या फिर्यादीबद्दल त्या घरमालकालाच इथं आणलं. साहेब तेच, कोठडी तीच. चहा मात्र नव्हता.

"मला का धरलंय ते तरी सांगा! मला काही हक्क आहेत की नाही?"

"आहेत ना," साहेब म्हणाले. "कुठले, ते सांग."

त्याला एकही सांगता येईना. मला त्याची किळस येते, आजही येते. पण 'फक्त चांगल्या माणसांसाठी' असं माझ्यावर कुठंच लिहिलेलं नाही. वकील त्यालाही मिळायला हवा होता. मी ओरडू शकत नाही. माझ्या कोऱ्या पाठीकडे बघत त्यानं पुढ्यातल्या कबुलीच्या कागदावर मुकाट्यानं सही केली.

तेव्हा सज्जनहो, मला आत्ताच वाचून ठेवा. तुमची पाळी येईल तेव्हा मी पाठमोरी असेन.