जिंकली तरी वायर, हरला तरी वायर

कुणाला सांगायचं नाही, असं तनुजाने मला बजावलं आहे. तरी सांगते, कारण माझा जीव आता विटला आहे. मी नेटची निळी वायर बोलतेय.

लातूरच्या एका दुकानात मला वीस मीटर मापून कापलं आणि चाकूरच्या या घरात आणलं. माझं एक टोक राउटरमध्ये, दुसरं तनुजाच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये. त्याला वायफाय नाही. राउटर आईने तुरीच्या पत्र्याच्या कोठीमागे ठेवलाय, वर धूळ बसू नये म्हणून विणलेला रुमाल. तनुजाचा मोठा भाऊ मन्मथ ओसरीत लॅपटॉपवर वायफायने खेळतो आणि पत्रा आड येऊन सारखा अडकतो. कोठी हलवावी, हे काही त्याला सुचत नाही. येताजाता मला ठेचकाळतो आणि वर म्हणतो, "आता कोण वायर वापरतंय?"

काल त्यांच्या चुलतभावाचा, रविकिरणदादाचा, लातूरहून फोन आला. रविवारच्या ऑनलाइन स्पर्धेसाठी त्याच्या संघात एकच जागा होती. दोघं एकमेकांविरुद्ध खेळा, जिंकेल त्याला घेतो, म्हणाला.

तनुजा वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नाही. पण ही जागा तिला हवी होती. ती जिंकली.

"वायरमुळं जिंकली तू," मन्मथ म्हणाला. "मला दे वायर, मग बघू."

"घे की, दादा."

मन्मथ कॉम्प्युटरवर बसला. तनुजा लॅपटॉप घेऊन गुपचूप कोठीमागे शिरली, राउटरवरचा रुमाल उचलला आणि तिथेच मांडी घातली. माझं एक टोक तिथेच, म्हणून मी पाहिलं. हेच सांगायचं नव्हतं.

ती पुन्हा जिंकली.

"वायरच खराब हाय," मन्मथ म्हणाला.

"खराब हाय तर आण इकडं," आई अंगणातून म्हणाली. "कपड्याची दोरी तुटली."

तनुजा उठून गेल्यावर मन्मथने मला उपटून आईला दिलं. तेव्हापासून मी अंगणात ताणलेली आहे, अंगावर ओल्या चादरी. जिंकलं तर माझ्यामुळे, हरलं तरी माझ्यामुळे. कोठीला मात्र कुणी एक शब्द बोलत नाही.

आज रविवार. दहाला स्पर्धा आहे आणि आत तनुजा टेबलाखाली मला शोधते आहे. मला उतरवा हो कुणीतरी. आणि मन्मथला एवढंच सांगा, की काल मी एकदाही अडले नव्हते, तो हरला, कारण तनुजा त्याच्यापेक्षा—

"आई, त्या चादरी काढ गं! वायर लागती मला, आत्ताच!"