खारी अंडी विकायला

सोमवारी बाजार बंद असे, म्हणून ग्वात सिमचे वडील घरीच अंडी धूत बसले होते. कोळशाची पूड आणि मीठ कालवून लिंपलेली बदकाची अंडी. एकेक म्हणजे काळा गोळाच. ते गोळा बादलीत बुडवत, अंगठ्यानं काळं खरवडून काढत, मग अंडं दिव्यापुढे धरून आतला बलक कसा बसलाय ते बघत. ग्वात सिम छापखान्यातून परतताना डोकावली होती आणि चपला न काढता उंबऱ्यातच उभी होती.

"तिसाव्या दिवसाचं आहे," ते अंडं तिच्यापुढे धरून म्हणाले. "एकविसाव्याला काढलं असतं तर पाणचट निघालं असतं."

"पा, छातीत दुखतंय म्हणत होतात. डॉक्टरकडे गेलात का?"

"गेलो की. म्हणाला, मीठ कमी करा." त्यांनी बादलीकडे बोट दाखवलं. "मी विचारलं, कशातलं?"

ती हसली. आतून आईचा आवाज आला, "हसू नकोस गं त्यांच्या बोलण्याला. चेकाळतात मग."

"चेकाळायचं काय त्यात? उद्या मंगळवार. सकाळी उठून मी आपला चाललो खारी अंडी..."

"थू थू थू!" आई हातातली पळी घेऊनच दारात आली. "जिभेला काही हाड? बाजाराला जातो म्हणा. बाजाराला!"

मलेशियातल्या पिनांगमध्ये होक्कियन ही चिनी बोली बोलणारा माणूस कुणी मेलं तर मेलं म्हणत नाही. खारी अंडी विकायला गेला म्हणतो. का म्हणतात, ते कुणालाच धड सांगता येत नाही. आणि ज्याचा धंदाच तो, त्याच्या घरी मग हे असं. बाजारात सगळे वडिलांची थट्टा करत, तेही करून घेत. पण घरात आईनं ते शब्द कधी उच्चारले नव्हते. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. आई मात्र विचारणाऱ्याला त्रेचाळीस सांगे, कारण होक्कियनमध्ये चार म्हटलं की 'मरण' म्हटल्यासारखं ऐकू येतं, आणि इथे तर चाराला चार जोडून. पुढच्या वर्षी एकदम पंचेचाळीस म्हणणार होती.

ग्वात सिम दहा मिनिटं थांबली. निघताना वडिलांनी मान वर केली नाही. "दार ओढून घे," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी छापखान्यात तिचा फोन वाजला.

"सिम," आई म्हणाली, "तुझे पा खारी अंडी विकायला निघालेत."

"हो," ग्वात सिम म्हणाली. आईनं फोन ठेवला.

तिला कळलं होतं. पुढे कितीही वेळा तिनं तो क्षण उलटसुलट करून पाहिला, तरी त्यात शंकेला जागा सापडली नाही. आईच्या तोंडून ते शब्द आले म्हणजे काय, हे न कळायला ती काही परकी नव्हती. पण शेजारच्या टेबलावरच्या रोहानीनं विचारलं, "कोण गं? सगळं ठीक ना?" आणि ग्वात सिमच्या तोंडून निघालं, "काही नाही, वडील अंडी विकायला निघालेत."

रोहानी मलय, तिला होक्कियन येत नव्हतं. "अरे वा! मला दहा ठेवायला सांग," ती म्हणाली.

ग्वात सिम पुढ्यातलं मुद्रित वाचू लागली. पाचवीच्या भूगोलाचं पुस्तक, नद्यांचा धडा. तिनं दोन पानं तपासली. एका नदीच्या नावात अक्षर मागेपुढे झालं होतं, ते लाल शाईनं दुरुस्त केलं. घर स्कूटरवरून बारा मिनिटांवर होतं. नऊ चाळीसला शेजारच्या आंटीचा फोन आला आणि आंटीनं आडवळण घेतलं नाही.

ती पोहोचली तेव्हा आईनं वडिलांचे डोळे मिटवले होते. "तू हो म्हणालीस ना?" आईनं विचारलं. ओरडून नाही, नुसतंच विचारलं.

"मला वाटलं, बाजाराला निघालेत."

आईनं कपाळावर हात मारून घेतला, आणि त्या दिवसापासून हे खोटं घरातलं खरं झालं. अंत्यविधीच्या तीन रात्रींत नातेवाइकांनी ते एकमेकांना सांगितलं. आधी हळहळत, मग हसत. आत्या तर तोंडावरच म्हणाली, "एवढी पुस्तकं वाचतेस, आणि आईचं बोलणं कळलं नाही? मुद्रितं तपासतेस म्हणे!" ग्वात सिमनं मान खाली घातली. मूर्ख ठरणं सोपं होतं.

सात महिने झाले. तिची झोप उडाली होती. दिवसाही एका जागी बसवत नसे. आणि आई तिच्याशी बोलताना घाबरू लागली होती. साधा निरोप द्यायचा तरी दोनदा विचारायची, "मी नीट सांगितलं ना? कळलं ना तुला?" ग्वात सिमला ते ऐकवत नव्हतं. सांगून टाकलं तर आईच्या डोक्यावरचं ओझं उतरणार होतं. पण मग आई आपल्याला कुठल्या नजरेनं बघेल, या विचाराशी ती प्रत्येक वेळी अडून बसायची.

अशात एका रविवारी आई म्हणाली, "तीन वाजता मला गल्लीच्या कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात सोड. तूही बस."

त्या दुकानाच्या काचेवर कागद चिकटवलेला होता: *मरणाबद्दल मोकळ्या गप्पा. चहा, कॉफी, खाऊ. सल्ला मिळणार नाही.*

"मा, इथं? तू?"

"खाऊ आहे लिहिलंय," आई म्हणाली आणि आत गेली.

दुपारचं गिऱ्हाईक संपलं होतं. संगमरवरी टेबलांभोवती चौदा-पंधरा माणसं, बहुतेक केस पांढरे झालेली. हे सगळं चालवणाऱ्या पेक हार सिस्टर तीस वर्षं परिचारिका होत्या आणि निवृत्त झाल्यावरही वॉर्डात चालावं तशाच चालत. ग्वात सिम आणि आई ज्या टेबलाशी बसल्या तिथं सिस्टर होत्या आणि खू अंकल, पूर्वीचे बसचे वाहक.

अंकलनी टेबलाभोवती बोट फिरवून माणसं मोजली आणि ते टुणकन उठले. "चौघं! मरणाच्या गप्पा मारायला आलोय, आमंत्रण द्यायला नाही." त्यांनी पाचवी खुर्ची ओढून आणली आणि तिच्यावर आपली छत्री बसवली.

"छत्रीला कॉफी सांगू का?" सिस्टर म्हणाल्या.

"बिनसाखरेची. तिला मधुमेह आहे."

आई हसली. ग्वात सिमनं तिला किती दिवसांत हसताना पाहिलं नव्हतं. तिचा स्वतःचा पाय मात्र टेबलाखाली हलत होता आणि थांबत नव्हता. वरचा पंखा कचकच करत फिरत होता. दर फेरीला तिला वाटायचं, आता उठावं.

"नियम दोनच," सिस्टर म्हणाल्या. "कुणी कुणाची समजूत घालायची नाही. आणि आडून बोलायचं नाही. 'निघून गेले', 'सुटले', असलं काही नाही. इथं मेले म्हणायचं."

"माझी बायको मेली," अंकल लगेच म्हणाले, आणि स्वतःच दचकले. मग म्हणाले, "सहा वर्षं झाली. आज पहिल्यांदा म्हटलं बघा. नेहमी सांगतो, बायको घरी नाहीये."

"कुठं गेलीय, विचारत नाहीत का लोक?" सिस्टरनी विचारलं.

"विचारतात. मी म्हणतो, येईल." ते हसू लागले, आणि बोलणं आपल्यावरून सरकावं म्हणून ग्वात सिमकडे वळले. "तुझी गोष्ट सांग ना, पोरी. अंड्यांची. माझ्या मेहुणीनं सांगितली, बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. खारी अंडी विकणारा माणूस खारी अंडी विकायला गेला आणि लेकीला वाटलं, खरंच..." त्यांना हसू आवरेना. पलीकडच्या टेबलावरही दोघे-तिघे हसले. वाईट हसणं नव्हतं ते.

ग्वात सिमनं गोष्ट सांगायला तोंड उघडलं. ती इतक्यांदा सांगितली होती की शब्द आपोआप येत. पण आज ते आले नाहीत. "कॉफी गार झाली," ती म्हणाली, "मी दुसरी आणते," आणि ती अर्धवट उठली.

"बस," आई म्हणाली. "ती नाही, मी सांगते."

आईनं हात टेबलावर ठेवले. बोलताना ती सिस्टरकडे बघत होती, लेकीकडे नाही.

"त्या सकाळी त्यांना श्वास घेता येईना. हातपाय गार पडले. शेजारीण ॲम्ब्युलन्सला फोन करत होती, मी हिला लावला. ते पलंगावर. डोळे उघडे, सगळं ऐकू येतंय. त्यांच्यासमोर कसं म्हणू मी? चव्वेचाळीस वर्षांत मरणाचा शब्द घरात येऊ दिला नाही, आणि आता त्यांच्या उशाशी बसून म्हणू? म्हणून मी त्यांचंच बोलणं उचललं. थट्टेत म्हणायचे ना, ते. तर ते हसले हो. एवढंसं. म्हणाले, अखेर म्हणालीस."

खू अंकलचं हसू केव्हाच मावळलं होतं.

"ही हो म्हणाली. मी त्यांना सांगितलं, सिम निघाली. बारा मिनिटं लागतात. त्यांना उशी दिली मागे, दार दिसावं म्हणून. बारा झाली, वीस झाली. मी म्हटलं, गाड्यांची गर्दी असेल, ॲम्ब्युलन्सही अडकलीय. ते दाराकडेच बघत होते. पस्तीस मिनिटं." आईनं बोटांनी टेबलावरची नसलेली धूळ पुसली. "मी सरळ सांगितलं असतं तर आली असती. पोरीचा काय दोष? मी म्हटलेलं तिनं ऐकलं. माझ्या जिभेनं बापलेकीची भेट चुकवली. तेच म्हणायला आलेय इथं. ते मेले." तिनं सिस्टरकडे बघितलं. "बघा, येतंय म्हणता. तेव्हा आलं असतं तर..."

"आंटी, असं नका हो..." अंकल सुरू झाले.

"अंकल," सिस्टर म्हणाल्या. ते थांबले.

दुकानदारानं गाळणी आपटली, आणि तेवढ्या आवाजानंही तो ओशाळला. ग्वात सिमला वाटलं, आता कुणीतरी समजूत घालावी. नियम मोडून घालावी. आईला म्हणावं, तुमचा काही दोष नाही, आणि मग ते तिथंच मिटेल, आपण स्कूटरवर बसून घरी जाऊ. ती दाराकडे बघू लागली. चार पावलं. वडील पस्तीस मिनिटं दाराकडे बघत होते, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

आई पुढे म्हणाली, आता तिच्याकडे वळून, अगदी हळू, निरोप देताना बोलायची तशी, "मी नीट सांगितलं नाही गं सिम. चुकलं माझं."

ग्वात सिमनं आईचा हात धरला नाही. धरला असता तर बोलता आलं नसतं.

"तू नीट सांगितलंस, मा," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा आला आणि शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. तिनं तो लहान केला नाही. "मला कळलं होतं. तू म्हणालीस, त्याच क्षणी. पा मरतायत हे मला कळलं होतं, आणि मी उठले नाही. मला त्यांना मरताना बघायचं नव्हतं. मी बसून राहिले."