निंबाच्या नावाची घागर

मित्रांनो, सुरतेतल्या डिंडोलीत त्या घराच्या जिन्याखाली काठ उडालेली एक जुनी घागर दिसते ना, ती मी. आता माझ्यात बघण्यासारखं काही उरलं नाही, हे मलाही कळतं. पण लगेच नाक मुरडू नका हं. एके काळी मला पाटावर बसवून हळदकुंकू वाहिलं होतं, तेही आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी!

माझा जन्म अमळनेरजवळच्या एका खेड्यातला. कुंभाराने मला चाकावर घडवलं, फळीने थोपटून थोपटून पोट गोल केलं आणि असं भाजलं की टिचकी मारली तर मी खणखणीत वाजे. उषाबाईंनी बाजारातल्या कितीतरी घागरींना टिचक्या मारल्या आणि शेवटी मला उचललं. गाडीत सुरतेपर्यंत मांडीवर घेऊन बसल्या. सुरतेत काय घागरी मिळत नाहीत? मिळतात की! पण त्यांचा हट्ट एकच, निंबाची घागर गावच्याच मातीची हवी.

निंबा म्हणजे त्यांचे यजमान. जन्मभर बमरोलीच्या कारखान्यात माग चालवला आणि आदल्या पावसाळ्यात गेले. आमच्या खानदेशात माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीपासून दर वर्षी त्याच्या नावाने घागर भरतात. घागरीवर छोटं मडकं, त्यावर खरबूज. दुपारी निखाऱ्यांवर घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. आगारी झाली की घागरीतलं पाणी गेलेल्या माणसाला पोचलं. तोवर घागरीला कुणी हात लावायचा नाही. म्हणजे बघा, माझा मान केवढा! मी नुसती फुगून बसले होते.

त्या घरात बॉबिन नावाचा कुत्रा होता, काळाकुट्ट आणि दाट केसांचा. पिल्लू असताना तो कारखान्यात सुताच्या रिळांच्या, म्हणजे बॉबिनच्या खोक्यात झोपलेला निंबांना सापडला, म्हणून हे नाव. निंबा गेले तेव्हा तो दारात पडून राहिला, अन्नाला शिवेना. उषाबाईंनीच भाकरी कुस्करून, हाताने भरवून त्याला उभा केला. तेव्हापासून दोघांचाही जीव एकमेकांत अडकलेला.

आखाजीच्या सकाळी निंबांची थोरली बहीण पार्वतीबाई आणि बाकीचे पाहुणे आले. चुलीवर पुरण शिजत होतं, कुत्रं मध्ये मध्ये नको, म्हणून उषाबाईंच्या मुलाने, वाल्मिकने, बॉबिनला गच्चीवर टाकीच्या सावलीत बांधलं. स्टीलच्या भांड्यात पाणीही ठेवलं. पोरगा वाईट नाही हो! सावली बघूनच बांधलं होतं त्याने. पण सावली काय एका जागी बसते? ऊन चढलं तशी ती टाकीच्या पलीकडे गेली आणि दोरी राहिली तेवढीच. धडपडीत भांडं कलंडलं. खाली पोळ्या लाटणं चाललेलं, मिक्सर चाललेला, गप्पांना ऊत आलेला. वर कुणी भुंकतंय हे ऐकणार कोण?

वाल्मिकची बायको योगिता वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेली आणि किंचाळलीच. वाल्मिकने धावत जाऊन बॉबिनला उचलून खाली आणलं. त्याची जीभ बाहेर लोंबत होती, हिरड्या लालभडक झाल्या होत्या, तोंडातून चिकट लाळ गळत होती. पाय टेकवले तर लटपटून पडला.

"काय व्हयनं रे ह्याले?" उषाबाईंच्या हातातलं उलथनं खाली पडलं.

"सकायले तठे सावली व्हती ना, माय," वाल्मिक म्हणाला. त्याला रडू आवरेना.

योगिताने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते घाईघाईने सांगत होते, "बरफ मत डालना! मटके जैसा ठंडा पानी पेट पे, पंजों पे डालो, पंखा चलाओ. मुँह में ज़बरदस्ती पानी मत डालना. और फ़ौरन लेके आओ."

योगिताने नळ सोडला तर हात भाजला. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी ते, नुसती उकळी फुटायची बाकी होती! फ्रिजमधल्या बाटल्या पाहुण्यांनी कधीच रिकाम्या केल्या होत्या. आणि फ्रिज आल्यापासून माठ घरातून हद्दपार झालेला. म्हणजे गार पाणी साऱ्या घरात एकाच ठिकाणी होतं, माझ्या पोटात.

मित्रांनो, मला घाम येतो. माझ्या अंगातून पाणी झिरपतं, त्याला वारा लागतो आणि आतलं पाणी गार राहतं. बिचाऱ्या कुत्र्याला घाम येतो तो पंजांना, तोही नावापुरता. बाकी सगळी भिस्त जिभेवर. ती जीभच आता थकली होती.

उषाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पार्वतीबाईंच्या ते लगेच ध्यानात आलं.

"उषा, घागरले हात नको लाऊ! भाऊनं पानी शे ते. आगारी बाकी शे आजून!"

उषाबाई थबकल्या. त्या पाण्यासाठी त्या निंबा गेल्यापासून आखाजीची वाट बघत होत्या. मग त्यांनी खरबूज बाजूला ठेवलं, मडकं उतरवलं आणि मला कवेत घेतलं.

"आक्का, तो जिता व्हता तवय सोता पेयाना आगोदर ह्याले पाजे. आज ह्याले तसाच ठेईसन तो पेई का?"

आणि त्यांनी मला वाकवलं. पोटावर, जांघेत, पंजांवर पाण्याची धार धरली. घाईत माझा काठ फरशीवर आपटून टवका उडाला, पण त्या वेळी कुणाला पर्वा होती? मलाही नव्हती. योगिताने टेबलफॅन ओढून आणला. पार्वतीबाई तोंड फिरवून बसल्या होत्या खऱ्या, पण बॉबिन कण्हला आणि त्यांना राहवेना. सूप उचललं आणि लागल्या वारा घालायला.

मग पार्वतीबाईंना घरी ठेवून उषाबाई, वाल्मिक आणि योगिता बॉबिनला रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेले. पुरण तसंच झाकलेलं, निखारे विझलेले. दिवस कलला तेव्हा वाल्मिक बॉबिनला खांद्यावर घेऊन परत आला.

"वाचना का?" पार्वतीबाईंनी दारातूनच विचारलं.

"वाचना, आत्या."

माझ्या तळाशी ओंजळभर पाणी उरलं होतं. उषाबाईंनी निखारे पुन्हा फुलवले आणि तेवढ्याच पाण्यावर भागवून आगारी टाकली. पार्वतीबाईंचा चेहरा उतरलेला होता.

"पोचनं, आक्का," उषाबाई हलकेच म्हणाल्या.

तेव्हापासून मी जिन्याखाली असते, बॉबिनच्या पाण्यासाठी. उन्हाळाभर लाड झाले. पावसाळा आला आणि सगळे मला विसरले, शेवाळ चढलं. फाल्गुनात पुन्हा काथ्याने घासून भरलं. चालायचंच!

मित्रांनो, तुमच्या घरी मुकं जनावर असेल तर एवढं ऐका. सावली सरकते, तेव्हा सकाळी बांधलं म्हणून निश्चिंत राहू नका. दुपारी त्याला डांबरावर चालवण्याआधी आपला तळहात टेकवून बघा. पाणी मातीच्या भांड्यात ठेवा आणि ते दिवसातून पुन्हा पुन्हा बदला. त्याला 'ऊन लागतंय' असं सांगता येत नाही, ते आपणच ओळखायचं.

यंदाच्या आखाजीला पाटावर नवी कोरी घागर बसली. मला वाईट वाटलं नाही. बरं, थोडं वाटलं. निखारे फुलले होते, सगळे पार्वतीबाईंची वाट बघत होते. आणि त्या गुडघे धरत, कुरकुरत जिन्याखाली आल्या. माझ्यात हात बुडवून पाहिला. पाणी तळाला गेलं होतं. त्यांनी मला काठोकाठ भरलं, बॉबिन लपलप पिऊ लागला तसा त्याच्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि वर बघून हाक मारली,

"चाल वं, उषा, आते टाक आगारी!"