माझ्या आकड्याला टांगलेला पलंग

मित्रांनो, मी एक जुनी, सडपातळ, चार मजली इमारत आहे! ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठी, चिखलात ठोकलेल्या लाकडी खांबांवर साडेतीनशे वर्षं उभी. एका मिरीच्या व्यापाऱ्याने मला बांधलं. माझा जिना इतका अरुंद की जाडा माणूस अंग तिरकं करून चढतो; म्हणून त्याने माझ्या कपाळातून एक तुळई बाहेर काढली आणि तिला लोखंडी आकडा लावला. मिरीची पोती, कपाटं, एकदा तर पियानो, सगळं मी दोरीने वर घेऊन खिडकीतून आत घेतलं. पुढे मला 'संरक्षित वास्तू' ठरवलं. केवढा तो मान! पण मग लोक नुसते फोटो काढू लागले. आकडा गंजत राहिला.

आणि परवा तिसऱ्या मजल्यावरच्या याकोबाआजींवर वेळ आली. त्यांचे पाय लुळे पडलेत. वरखाली होणारा पलंग आला तरच त्या घरी राहणार, नाहीतर वृद्धाश्रम. पलंग जिन्यात मावेना, जिना तोडायला बंदी, आणि कालव्याचा काठ खचल्यामुळे क्रेनलाही बंदी. उरले मी!

शेजारच्या सीब्रंटकाकांनी वर चढून तुळईवर हातोडा मारून पाहिला. "ठणठणीत आहे म्हातारी!"

"काका, नक्की ना?" आजींची नात मारिट खालून ओरडली.

"नक्की काय ते आता कळेलच. ओढा!"

खाली जमलेल्या शेजाऱ्यांनी दोरी ताणली. पलंग उचलला गेला. माझ्या तुळईतून बारीक 'कर्र' आलं. काकांना ऐकू आलं नाही. मला आलं.

"ए फोटोवाल्या, हो बाजूला!" काका खेकसले. "डोक्यावर पडला तर कायमचा झोपशील!"

दुसऱ्या मजल्याशी वारा आला. पलंग झुलत काचेकडे निघाला. ओझं भिंतीला लागू नये म्हणून मला मुद्दाम पुढे झुकलेली बांधलंय. लोक झिंगलेली म्हणतात, म्हणू देत! पलंग काचेच्या बोटभर अलीकडून परत फिरला. पुन्हा 'कर्र'. हे मात्र सगळ्यांनी ऐकलं.

"सोडू नका रे," आजी आतून म्हणाल्या. एवढंच.

कुणी सोडलं नाही. मीही नाही. पलंग तिसऱ्या मजल्याच्या खिडकीशी आला, तशी मारिट धावत वर गेली, तिने पलंगाचा पाय धरला आणि आत खेचला.

संध्याकाळी आजींनी त्यावर बसून कालवा पाहिला. "अजून वर घे गं, अजून जरा," म्हणत मारिटला बटण दाबायला लावलं.

मित्रांनो, माझ्या तुळईला आता चीर पडली आहे. जुन्या घरातलं माणूस तिथेच राहावं असं वाटत असेल, तर त्या घराची हाडं वेळेवर तपासा. मी अजून धरून आहे. पण किती दिवस, ते मलाही ठाऊक नाही.