शिडी रिकामी नव्हती

डोळे मिटा आणि एक लांबट खोली मनात आणा बघू. भिंतीला टेकून पुठ्ठ्यांच्या चळती, मधोमध पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र, आणि सगळीकडे सरसाचा कोमट, जरा उग्र वास. सरस म्हणजे पुस्तकांच्या पाठी चिकटवायचा डिंकासारखा पदार्थ. तो विजेच्या भांड्यात सतत गरम ठेवावा लागतो. आलात खोलीत? मग कोपऱ्यातल्या स्टुलावर पाय हलवत बसलेली नऊ वर्षांची मुलगी दिसेल. एका जागी कधी बसायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. आज मात्र बसली होती, तीही चिडीचूप.

परवा तिच्या आईला त्याच भांड्याचा शॉक लागला होता. आई मागे फेकली गेली, कोपर सुजलं, बाकी थोडक्यात निभावलं. पण कारखान्याच्या मालकांनी तेव्हाच सुनावलं होतं, "ओल्या हातानं विजेच्या भांड्याशी खेळायचं म्हणजे निष्काळजीपणाच. चौकशीत तसं निघालं, तर सरसाचं टेबल दुसऱ्या कुणाकडे जाईल. तुम्ही आपल्या कागदाच्या घड्या घाला."

बारा वर्षं आई पुस्तकांची बांधणी करत होती. त्या टेबलावर तिचा किती जीव आहे, हे भिंगरीला ठाऊक होतं. म्हणून तर ती गप्प होती.

चौकशीसाठी वीज खात्याच्या तपासनीस बाई आल्या. सडसडीत, पांढऱ्या केसांच्या, खांद्याला चामड्याची पिशवी. आल्या आल्या त्यांनी मेन स्विच बंद केला, त्याला चक्क कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"हं, आता सांगा. शॉक का लागला?"

"हात ओले होते," मालक म्हणाले.

"ओलेच होते," आई खाली बघत म्हणाली.

बाईंनी टेबलावरचं ओलं फडकं दोन बोटांत उचललं. "आणि हे कशाला?"

"बोटं पुसायला," नाना म्हणाले. नाना तिथले सगळ्यांत जुने कारागीर. "सरस चिकटतो हो बोटांना. न पुसता पान उलटलं की पुस्तकाचं वाटोळं."

"म्हणजे हात रोजच ओले?"

"तीस वर्षं झाली की!"

"मग तीस वर्षांत शॉक परवाच का लागला?"

भिंगरीचे पाय हलायचे थांबले. हे तर तिच्याही डोक्यात आलं नव्हतं.

बाईंनी भांडं फिरवून पाहिलं. त्याची वायर ताणली जाऊन पत्र्याच्या कडेवर घासत राहिली होती. तिथलं रबर झिजून आतली तार भांड्याला टेकली होती. मग त्यांनी प्लग उचलला आणि भिंगरीला हाक मारली.

"ये गं इकडे. पिना मोज."

"दोन."

"हव्यात तीन. तिसरी जाड पिन म्हणजे विजेची जमिनीत जायची वाट. वीज चुकून पत्र्यात शिरली, तर ही पिन तिला परस्पर जमिनीत नेते. वाटच नसली, तर वीज भांड्याला हात लावणाऱ्या माणसातून जाते." त्यांनी मान वर केली. "ही पिन कुठे गेली?"

नानांचे कान लाल झाले. "मीच कापली, बाई. खिडकीजवळच्या बोर्डाला दोनच भोकं. तिसरी पिन जाईना. वायरही ताणून कशीबशी पुरली."

"नाना!" मालक ओरडले. "अहो, एवढं वय झालं तुमचं..."

"थांबा. मी चोर पकडायला नाही आले," बाई शांतपणे म्हणाल्या. "भांडं खिडकीजवळ का नेलं?"

"टेबल तिकडे नेलं म्हणून."

"आणि टेबल का नेलं?"

"मला माहितीये!" भिंगरी उसळून म्हणाली. "जुन्या जागेवरची ट्यूब सारखी डोळे मिचकावते. आईला टाके दिसेनात. मी पण तिथेच अभ्यास करायचे, माझ्या बेरजा चुकायला लागल्या."

"त्या ट्यूबच्या आधीपासून चुकतात," आई म्हणाली. परवापासून पहिल्यांदाच ती हसली.

"मग ट्यूब का नाही बदलली?"

"नवी आणून दिली होती मी!" मालकांनी कपाटावर बोट दाखवलं. खोक्यावर चांगली बोटभर धूळ. "यांनी लावलीच नाही!"

"का हो नाना?"

"शिडी रिकामी नव्हती," नाना पुटपुटले.

सगळ्यांच्या माना वळल्या. कोपऱ्यात कारखान्यातली एकुलती एक शिडी उभी होती, आणि तिच्या पायरीपायरीवर पुस्तकांची ओली कव्हरं वाळत होती. आजची उतरली की उद्याची चढायची. तीन महिने असंच चाललं होतं.

"कव्हरं वाळत घालायला मांडणी नाही?"

मालकांनी मान खाजवली. "होती. मोडली. तोवर शिडीवर घाला, असं... मीच म्हटलं होतं."

"बरोबर. म्हणजे हात ओले होते, हे खरं. पण ते तीस वर्षं ओलेच होते." बाईंनी वही उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "मोडलेली मांडणी दुरुस्त झाली नाही, म्हणून शिडी अडकली. त्यामुळे ट्यूब बदलली नाही, टेबल हललं, पिन कापली, वायर झिजली. आता प्लग आणि वायर नवी. वीज भलतीकडे गेली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच बसवा. नवी ट्यूब लावा, टेबल जुन्या जागी. तोवर भांडं बंद."

मालक आईकडे वळले. "चूक झाली माझी. टेबल तुमचंच आहे. आणि मांडणी उद्याच करून घेतो."

"त्या मांडणीनं हे 'उद्या' फार वेळा ऐकलंय, मालक," नाना म्हणाले. मालकही हसले.

भिंगरी शिडीपाशी गेली. सगळ्यांत खालचं निळं कव्हर तिनं आईसारखंच दोन्ही कडांना धरून अलगद उचललं, इकडेतिकडे पाहिलं, आणि थेट मालकांच्या लांबरुंद टेबलावर नेऊन पसरलं. मालकांनी काही बोलायला तोंड उघडलं, मग मुकाट्यानं आपला चष्मा आणि चहाचा कप बाजूला केला.

तोवर भिंगरी दुसरं कव्हर घेऊन आली होती.