ट्रम्पेटवालीचा माउथपीस

माझी सून ट्रम्पेट वाजवते. हो, सून! हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. अंबरनाथला आमची बँड पार्टी आहे, मालक गेल्यापासून ती मीच चालवते, आणि माझ्यासमोर कोणी खुसखुस केली की मी ऐकून घेत नाही.

विनिता माहेरी, चामटोलीला, शाळेच्या पथकात बिगूल वाजवायची. आमच्याकडे आली आणि ट्रम्पेट अशी फुंकायला लागली, की मी ठरवूनच टाकलं, यंदा जयंतीला सलामी हीच देणार. आमच्यात रीत आहे. मिरवणूक बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी पोचली की ढोल-ताशे थांबतात आणि एकटा ट्रम्पेट सलामी देतो. ज्याची सलामी, तो पार्टीतला पहिला.

इतकी वर्षं तो मान कैलास भाऊजींचा, म्हणजे मालकांच्या चुलतभावाचा. त्यांच्या ओठावर माउथपीसचा गोल वळ उठलाय आणि ते तो मेडलसारखा मिरवतात. बँडवाल्यांचा समजच आहे, वळ नाही तो वाजवणारा नाही. त्यांनी विनिताला आपल्यासारखाच माउथपीस दिला, बारीक तोंडाचा, धारदार काठाचा. म्हणाले, "दाबून वाजव. ओठ फुटला की समजायचं, तयार झालीस."

फुटला की पोरीचा ओठ! तालमीत चौथ्या गाण्यालाच सूर फाटायला लागला.

"बघा वहिनी," भाऊजी म्हणाले, "बाईमाणसाच्या ओठात दम नसतो."

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी तिला रिक्षात घातलं आणि उल्हासनगर गाठलं. वाद्यांचा सिंधी दुकानदार आमच्या जुन्या ओळखीचा. त्याने माउथपीसचा ट्रे पुढे केला. मी आपला सगळ्यात चकचकीत, सोनेरी उचलला. "हा घे गं, शोभून दिसेल."

"आई, दागिना घ्यायला आलोय का आपण?"

दुकानदार खो खो हसला. मीही हसले, काय करणार! मग ती एकेक माउथपीस ट्रम्पेटला न लावता नुसताच ओठांवर ठेवून सलामी फुंकून बघायला लागली. गांधीलमाशी घुमावी तसा आवाज. गिऱ्हाइकं वळून बघत होती, पण हिला कशाचं भान नाही. बारीक तोंडाचे सगळे तिने बाजूला सारले. शेवटी एक साधाच, रुंद तोंडाचा, गोलसर काठाचा हाती लागला. त्यावर सलामी सबंध निघाली.

"माझे ओठ जाड आहेत, आई. काकांच्या माउथपीसात मावतच नाहीत. ह्यात मोकळे राहतात."

"अम्मा, लडकी को सब मालूम है," दुकानदार म्हणाला. मालूम असणारच, सून कोणाची!

भाऊजींनी तो माउथपीस बघून नाक मुरडलं. "ही तर चहाची वाटी झाली! वळसुद्धा उठायचा नाही. वहिनी, हिने सलामी दिली तर पार्टीचं नाक कापलं जाईल." पार्टीतले बाकीचेही माना डोलवायला लागले. मग भाऊजींनीच अट घातली. मिरवणूक शिरगावातून निघते, तिथपासून पुतळ्यापर्यंत एकही गाणं न सोडता वाजवायचं. सूर फाटला की सलामी त्यांची.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" मी म्हणाले. "वाजवेल ती."

म्हणाले खरं, पण जयंतीच्या दिवशी माझाच जीव मुठीत. विनिता भाऊजींच्या शेजारी वाजवत होती आणि मी पाण्याची बाटली घेऊन बाजूने चालत होते. दर गाण्याला वाटायचं, आता फाटतो. नाही फाटला. उलट भाऊजींच्याच ट्रम्पेटमधून नुसती हवा यायला लागली. दाबून दाबून त्यांचा ओठ टरारून सुजला होता. शेवटी त्यांनी ट्रम्पेट खाली घेतला. विनिता वाजवतच राहिली.

पुतळ्यापाशी ताशे थांबले. भाऊजी एक पाऊल मागे सरले आणि माझ्या सुनेने सलामी दिली. काय सांगू तुम्हाला! वरचा सूर असा भरून लागला, की घोषणा देणारी पोरंही गप्प झाली. मी तिथेच रडले, सगळ्यांदेखत. अशी सून मिळायला नशीब लागतं आणि ते माझं आहे, हे मी छाती ठोकून सांगते.

दुसऱ्या दिवशी बदलापूरचे एक गृहस्थ लग्नाची सुपारी द्यायला आले. मला म्हणाले, "काल ती बाई वाजवत होती ना, ती येणार असेल तर पक्कं करा."

मी तोंड उघडायच्या आत कोपऱ्यात बसलेले भाऊजी गरजले.

"बाई काय म्हणता, साहेब? पहिली ट्रम्पेटवाली आहे ती आमची. मी तिच्या मागे वाजवतो."