तीस हजार एकतीसची तगमग

मी एक जुनी संख्या आहे, ३००३१. मित्रांनो, संख्येला कसला आलाय जन्म, असे तुम्ही म्हणाल. पण १९२८ च्या श्रावणात धरणगावच्या एका शाळेच्या भिंतीवर मला डांबराने लिहिले, आणि तेव्हापासून माझी झोप उडाली.

मला घडवले हेडमास्तर लीलाधर नानांनी. जिला एक आणि ती स्वतः, यांखेरीज कोणीच पुरते भागत नाही, ती मूळ संख्या. नानांनी दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा या मूळ संख्यांचा गुणाकार केला, त्यात एक मिळवला आणि मी झाले. याच रीतीने, सातापर्यंत आणि अकरापर्यंतच गुणून, आधी २११ आणि २३११ झाल्या होत्या. त्या दोघी अस्सल मूळ. मग नानांनी मला तिसापर्यंतच्या सगळ्या पाढ्यांत शोधले. शाळेत पाढे तिथेच संपत. मी कुठेच सापडले नाही, म्हणून त्यांनी माझ्याखाली लिहिले, 'मूळ संख्या'.

काय कौतुक झाले माझे! कापसाचे व्यापारी मिश्रीलालजी बैलगाडी थांबवून मला बघून गेले. मी मात्र आतून कुढत होते. माझ्या पोटात दोन संख्या दडल्या होत्या आणि सांगायला मला तोंड नव्हते. त्यात सोमवारी जळगावच्या शिक्षक संमेलनात नाना सांगणार होते, की ही रीत कधीच चुकत नाही. त्यांची तीस वर्षांची अब्रू माझ्या भरवशावर होती.

शनिवारी त्यांची पुतणी सुनंदाबाई पाटी घेऊन माझ्यासमोर बसली. ती मुलींच्या शाळेत शिकवायची. एकतीस, सदतीस, एकेचाळीस अशा मूळ संख्यांनी मला भागत ती पुढे गेली. सातव्या भागाकाराला बाकी शून्य आली. तिने पाटी पदराखाली झाकली आणि ती नानांकडे गेली.

"नाना, तीसना पुढे आपीन दखंच नही," ती घरच्या अहिराणीत म्हणाली. तिसापुढे खरेच कोणी पाहिले नव्हते.

"काय शे पुढे?"

"एकोणसाठना पाढा शे. त्यामा हाई बरोबर बसस."

नानांनी एकोणसाठ आणि पाचशे नऊचा गुणाकार स्वतः दोनदा केला. त्यांचा चेहरा उतरला. आता माझ्यावर चुना फासणार, असे मला वाटले.

"सोमवारले तू चाल मन्हासंगे," ते म्हणाले. "तठे तूच सांग."

त्यांनी 'मूळ संख्या' खोडले आणि खाली लिहिले, '५९ × ५०९. सुनंदाबाईने शोधले.' मंगळवारपासून शाळेत पाढे साठापर्यंत गेले आणि पोरांनी मला मनसोक्त शिव्या घातल्या. मला बघायला मग कोणी थांबेना. १९४७ साली झेंडावंदनासाठी भिंतीला चुना दिला, तेव्हा मी झाकली गेले.

चुन्याखाली मला आता झोप लागते. पण मित्रांनो, मध्येच दचकून जाग येते. अशीच एखादी संख्या कुठल्यातरी भिंतीवर खोटा मान मिरवत, तोंड मिटून उभी असेल. तुम्हाला ती दिसली, तर तिसावर थांबू नका. तिला पुढेही भागून बघा. ती वाट बघत असते.